नाला वळवला, पुढे काय?

सांडपाण्याचा पुनर्वापर आपल्याकडे अजून रुजायचा आहे, असं परिसंवादांतून नेहमी ऐकू येतं. ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला हे विधान जरा विनोदी वाटेल. रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा यांचे हिरवेगार वाफे दिसतात. रेल्वेची पडीक जमीन 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली कर्मचाऱ्यांना कसायला दिली गेली, त्यातून हे मळे उभे राहिले. वाफ्यांना पाणी येतं शेजारच्या नाल्यातून. पंप टाकायचा, पाइप ओढायचा, काम झालं. म्हणजे नाल्याचं पाणी उचलून पुन्हा वापरण्याची कला या पट्ट्याला कित्येक वर्षं अवगत आहे. फक्त मधली प्रक्रिया गाळलेली आहे, आणि ती गाळल्याची किंमत पालेभाजी विकत घेणारा चुकवतो. घरगुती मैल्यातले जंतू भाजी नीट शिजवली तर मरतात. शिसं आणि कॅडमियम कितीही उकळलं तरी जात नाही.

ही मधली पायरी घालण्याचे प्रयत्न ठाणे जिल्ह्यात गेल्या दहाएक वर्षांत झाले. त्यातल्या बहुतेकांचं नाव एकच, 'नाला वळवणे'. शब्द ऐकून वाटतं की नाल्याचं पात्रच कुठेतरी नेलं असेल. तसं काही नसतं. नदीला मिळण्याआधी नाल्याच्या तोंडाशी अडवायचं, साठलेलं पाणी पंपाने उचलायचं आणि मलप्रक्रिया केंद्राकडे ढकलायचं, एवढाच हा उद्योग. पण त्याच्यामागे एक नदी, दोन न्यायालयं, अर्धा डझन नगरपालिका-महापालिका आणि रात्रीचे टँकर असा मोठा पसारा आहे.

आधी थोडा हिशेब. 2011च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18 लाख 41 हजार होती, कल्याण-डोंबिवलीची 12 लाख 47 हजार, उल्हासनगरची 5 लाख 6 हजार. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी आणि त्यातल्या 80 टक्क्यांचं सांडपाणी, हे अभियंत्यांचं नेहमीचं गणित लावलं तर त्या वेळच्या कल्याण-डोंबिवलीतूनच रोज साडेतेरा कोटी लिटरच्या आसपास मैलापाणी निघतं. त्यानंतर पत्रीपुलाच्या पलीकडे, कल्याण-शिळ रस्त्यावर, घोडबंदरला किती टॉवर उभे राहिले ते वाचकांना सांगायला नको. एवढं पाणी रोज कुठेतरी जातंच. गटारात गेलं नाही तर नाल्यात, आणि नाल्यातून नदीत किंवा खाडीत.

ही नदी म्हणजे उल्हास. राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, शहाड, मोहने आणि पुढे कल्याणच्या खाडीत. सह्याद्रीच्या पश्चिम उताराच्या नद्या मार्चनंतर डबक्यांवर येतात. उल्हास येत नाही, कारण घाटावरच्या आंध्र धरणाचं पाणी भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून खाली येतं आणि वीज करून झाल्यावर नदीत सोडलं जातं. हे वीजगृह 1922चं. घाटमाथ्यावर धरण बांधून विजेसाठी पाणी कोकणात उतरवलं गेलं आणि शंभर वर्षांनी त्यावर ठाणे जिल्ह्यातली शहरं तहान भागवत आहेत. बदलापूरला जीवन प्राधिकरणाचा बंधारा, जांभूळला एमआयडीसीचं उचल केंद्र, शहाडला 'स्टेम' या पाणीपुरवठा प्राधिकरणाचं, मोहिली-मोहने भागात कल्याण-डोंबिवली महापालिकेचं. स्टेमचं पाणी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. बारवी धरणाचं पाणीसुद्धा याच नदीवाटे जांभूळला येतं.

या नदीचं नाव घेऊन वसलेलं शहर म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं आजही तशीच आहेत. आणि नदीच्या नावाच्या या शहराला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. ते एमआयडीसीकडून पाणी विकत घेतं. बराकींच्या मधल्या जागा बांधकामांनी भरत गेल्या, बोळ अरुंद झाले, आणि घराघरातून भुयारी गटाराला जोडणी देणं अवघड होऊन बसलं. मग सगळ्यांची सोय एकच, खेमाणी नाला. हा नाला शहराचं पाणी घेऊन शहाडच्या बाजूला नदीला मिळायचा, म्हणजे अगदी त्याच पट्ट्यात जिथून पिण्याचं पाणी उचललं जातं. खालच्या अंगाला मोहने आणि गाळेगावचे नाले कल्याणच्या उचल केंद्रांच्या तोंडाशी येतात.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो तो जलपर्णीच्या रूपाने. मैल्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खत. पावसाळा सरला, प्रवाह मंदावला की मोहन्याच्या बंधाऱ्याशी हिरवा गालिचा तयार होतो, उन्हाळ्यात तो मैलोगणती पसरतो. मग पोकलेन येतात, बोटी येतात, छायाचित्रं छापून येतात. जलपर्णी काढण्याची निविदा हा आता दरवर्षीचा सण झाला आहे. नाल्यातलं खत थांबवल्याशिवाय तो थांबणार नाही, हे निविदा काढणाऱ्यांनाही माहीत आहे.

'वनशक्ती' या संस्थेने 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांसाठी दाद मागितली. 2015 मध्ये लवादाने महापालिका, नगरपालिका आणि रासायनिक सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. मला या खटल्याचं खरं फळ वेगळं वाटतं. खेमाणी नाल्याचं पाणी उचलण्याची योजना उल्हासनगरने आणि मोहने-गाळेगावचे नाले आंबिवलीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचं काम कल्याण-डोंबिवलीने हाती घेतलं, ते या रेट्यामुळे. त्याआधी ही कामं कोणी मनावर घेत नव्हतं, कारण नाल्याच्या तोंडाला मतदार नसतो.

नाला अडवण्याची रचना कागदावर सोपी दिसते. नाल्याला आडवा कमी उंचीचा बंधारा घालायचा, बाजूला विहीर खणायची, विहिरीच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवायच्या. आधी जाड गजांची जाळी, मग बारीक. मग वाळू-गाळ बसण्यासाठी हौद. मग पंप, आणि पंपापासून केंद्रापर्यंत दाबाची वाहिनी. बंधाऱ्याची उंची ठरते ती कोरड्या दिवसांतल्या प्रवाहावर. नाल्याला आठ महिने जे पाणी असतं ते जवळजवळ सगळं घराघरातलं; ते अडवलं की बहुतेक काम झालं. पावसाळ्यात नाला दहापट-वीसपट वाहतो, ते पाणी बंधाऱ्यावरून नदीत जाणारच. तसं जाऊ दिलं नाही तर वस्ती बुडेल. 27 जुलै 2019ला उल्हासने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला, हजाराहून अधिक प्रवासी बोटींतून काढावे लागले. त्या दिवशी कुठल्याही नाल्याच्या तोंडचा पंप चालू होता की बंद, याने नदीला काहीच फरक पडला नसता.

खरी लढाई ऑक्टोबर ते मे. आणि ती लढाई अभियंता हरतो जाळीपाशी. आपल्या नाल्यांत पाण्याबरोबर गादीचा कापूस, चिंध्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, नारळ, गणपतीनंतरचं निर्माल्य, कधीतरी आख्खं प्लॅस्टिकचं स्टूल असं सगळं येतं. जाळी दिवसातून दोन-तीनदा साफ झाली नाही तर पाणी तुंबतं, पातळी बंधाऱ्यावर जाते आणि नाला पुन्हा नदीला जाऊन मिळतो. पंप बिघडला, वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, तरी तेच. बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही. फलक लागलेला असतो, उद्घाटन झालेलं असतं, केंद्रात दिवे लागलेले असतात. बांधण्याचा पैसा 'अमृत'सारख्या योजनेतून दिल्ली-मुंबईहून येतो. जाळी साफ करणाऱ्या माणसाचा पगार आणि महावितरणचं बिल महापालिकेच्या तिजोरीतून भरावं लागतं. माझ्या मते नाला वळवण्याच्या कुठल्याही योजनेचं मूल्यमापन करायचं असेल तर प्रकल्पाची किंमत विचारूच नये. वर्षभराचं वीजबिल मागावं. पंप किती तास चालला ते त्यातून आपोआप कळतं.

यावर काही पर्यावरणवाद्यांचा आक्षेप मुळातच असतो. ते म्हणतात, नाल्याच्या तोंडाशी अडवणं ही पळवाट आहे. घराघराला भुयारी गटाराची जोडणी द्या, मग नाला आपोआप पावसाच्या पाण्याचा होईल. तत्त्वतः ते बरोबर आहेत. पण उल्हासनगरच्या बराकींच्या बोळात किंवा डोंबिवलीच्या आसपासच्या चाळींत भुयारी वाहिनी टाकायला किती वर्षं लागतील, आणि तोवर शहाडला उचललेलं पाणी कोणी प्यायचं? पळवाट असली तरी ती घ्यावीच लागते. मात्र ती घेतल्यावर वाट संपली असं समजू नये.

आता नाल्यात चोरून रसायन ओतणाऱ्या रात्रीच्या टँकरकडे. मलप्रक्रिया केंद्र चालतं ते जिवाणूंवर. टाकीत हवा सोडली की मैला खाणारे जिवाणू वाढतात, ते घाण खाऊन गाळ बनून खाली बसतात, वर निवळलेलं पाणी उरतं. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप म्हणून बीओडी मोजतात. 2019मध्ये हरित लवादाने केंद्रातून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. ही सगळी किमया घरगुती मैल्यासाठी आहे. नाल्यात कोणी आम्ल किंवा विषारी द्रावक ओतलं तर हे जिवाणू काही तासांत मरतात, आणि पुन्हा नीट वाढायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. 2014च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरला वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. माणसांचं हे झालं, तिथे जिवाणूंचं काय होणार! सीलबंद भुयारी गटारात टँकर रिकामा करणं कठीण असतं. उघडा नाला मात्र कोणालाही सापडतो. म्हणून नाला अडवणाऱ्या शहराला टँकर अडवणंही भाग आहे, आणि ते काम महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाचं नसतं; ते पोलिसांचं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आणि एमआयडीसीचं. तिघांचं काम म्हटलं की कोणाचंच राहत नाही.

वालधुनीची कथा आणखी खिन्न करणारी. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते. वरच्या अंगाला इंग्रजांच्या काळात जीआयपी रेल्वेने बांधलेला तलाव आहे, तिथवर पाणी स्वच्छ. थोडं खाली शके 982चं, म्हणजे इसवी सन 1060चं शिलाहारांचं शिवमंदिर, आणि त्याच्या पायाशी ही नदी. तिथून पुढे अंबरनाथची औद्योगिक वसाहत, उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचे कारखाने, विठ्ठलवाडी, कल्याण. जीन्सचे कारखाने जोरात होते तेव्हा वालधुनी निळी-काळी वाहायची. न्यायालयीन आदेशांनंतर ते बंद झाले, काही आजूबाजूच्या गावांत सरकले. डोंबिवलीत 2014च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, 2020च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. रंगांच्या बाबतीत या पट्ट्याने होळीची वाट कधी पाहिली नाही. पण रंग हा उपद्रवाचा दिसणारा भाग. कापड रंगवताना वापरलेलं मीठ दिसत नाही. कुठलाही जिवाणू ते खात नाही. ते काढायचं तर आरओची पडदा-गाळणी लागते, आणि तिच्या मागे उरणारं खारट पाणी पुन्हा कुठेतरी टाकावंच लागतं. डोंबिवलीच्या कारखान्यांचं पाणी खंबाळपाड्याच्या नाल्याने खाडीत जात आलं, त्याची तक्रार आजची नाही.

आणि इथे मूळ प्रश्न येतो. नाला वळवला, प्रक्रिया केली, मग पुढे काय? ठाणे-कल्याणमध्ये बहुतेक ठिकाणी उत्तर असं की प्रक्रिया केलेलं पाणी खाडीत सोडलं. ठाण्याच्या कोपरी केंद्राची क्षमता 120 दशलक्ष लिटर, म्हणजे रोज बारा कोटी लिटर. पलीकडे खाडी, जिथे रोहित येतात, 2022 पासून रामसर यादीतली पाणथळ जागा. निवळलेलं पाणी खाडीला मिळणं वाईट नाहीच. पण याच शहरात घोडबंदरच्या सोसायट्या मे महिन्यात टँकर मागवतात, याच जिल्ह्यात बारवीचं पाणी कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्ये वाफ होऊन उडतं, आणि याच जिल्ह्यात गाड्या धुवायला, मेट्रोच्या खांबांच्या काँक्रीटवर शिंपायला नळाचं पाणी वापरलं जातं. पिण्याचं पाणी वाफेत आणि प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

नागपूरने ती सुलट केली. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी हवं होतं, पेंच धरणाचं पाणी शहराच्या तहानेला अपुरं पडत होतं. 2008मध्ये महानिर्मिती आणि नागपूर महापालिकेत करार झाला, भांडेवाडीला रोज 130 दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं आणि शहराचं मैलापाणी शुद्ध होऊन वीज केंद्राच्या थंडाव्याला जाऊ लागलं. नंतर तिथेच आणखी 200 दशलक्ष लिटरचं केंद्र झालं. 2016च्या केंद्राच्या वीज दर धोरणाने औष्णिक केंद्रांना जवळच्या मलप्रक्रिया केंद्राचं पाणी वापरणं बंधनकारक केलं. नागपूर त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलं होतं. सुरतेने 2014मध्ये बमरोलीला रोज 40 दशलक्ष लिटरचं तिसऱ्या टप्प्याच्या प्रक्रियेचं केंद्र चालू केलं आणि ते पाणी पांडेसराच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना विकलं. डोंबिवलीच्या कापड कारखान्यांशी याचं साम्य इतकं उघड आहे की ते पुन्हा सांगायला संकोच वाटतो. नवी मुंबईने तर खाडीच्या पलीकडेच, कोपरखैरणे आणि ऐरोली इथे प्रत्येकी 20 दशलक्ष लिटरची अशी केंद्रं बांधून टीटीसी औद्योगिक वसाहतीला पाणी देण्याचा मार्ग धरला.

या तिन्ही ठिकाणी केंद्र बांधताना घेणारा ठरलेला होता. कल्याण-डोंबिवलीत तो ठरत नाही, कारण घेणाऱ्याला एमआयडीसीचं पाणी नळाने, दाबाने, खात्रीने आणि परवडणाऱ्या दराने मिळतं. महापालिकेचं पाणी त्याहून स्वस्त, तितकंच खात्रीचं असेल तरच कारखानदार घेईल. त्यासाठी वेगळी वाहिनी हवी, पिण्याच्या वाहिनीशी चुकून जोड होऊ नये म्हणून वेगळ्या रंगाची. ती कोण टाकणार? महापालिकेचा अधिकार एमआयडीसीच्या कुंपणाशी संपतो. पाणी विकून मिळणारं उत्पन्न महापालिकेचं, पण त्यासाठी आपल्या पाण्याचा ग्राहक सोडायचा एमआयडीसीने. हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, एका टेबलाशी दोन खाती बसवण्याचा आहे. राज्याने 2017मध्ये एकदा आणि 2025मध्ये पुन्हा सांडपाणी पुनर्वापराचं धोरण आणलं. दोन्हींची दिशा योग्य आहे. पण धोरण वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: कारखान्याला प्रक्रिया केलेलं पाणी उपलब्ध असताना ताजं पाणी महाग पडेल का? ते जिथे ठरेल तिथेच वाहिनी टाकली जाईल.

मोठ्या संकुलांचं आणखी एक प्रकरण आहे. 2006च्या पर्यावरणीय मंजुरीच्या नियमांमुळे 20 हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना बहुधा स्वतःचं मलप्रक्रिया केंद्र बांधावं लागतं. घोडबंदरला, पलावा-खोणीकडे अशी केंद्रं तळघरांत आहेत. पाणी फ्लशला आणि बागेला जावं, असा हेतू. बांधकाम व्यावसायिक ताबा देऊन निघून गेला की सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो तो या केंद्राच्या वीजबिलाचा. दुसरा वासाचा. तिसऱ्या सभेत केंद्र बंद झालेलं असतं आणि पाणी बाहेरच्या नाल्यात गेलेलं असतं. शेजारीच तोच नाला अडवायला महापालिका बंधारा घालत असते.

एक अडचण मात्र फारशी कोणी बोलत नाही. मे महिन्यात वालधुनीत जे काही वाहतं ते जवळजवळ सगळं सांडपाणीच. तिला मिळणारे सगळे नाले अडवले आणि सगळं पाणी कारखान्यांना विकलं, तर वालधुनी स्वच्छ होणार नाही, कोरडी होईल. खालच्या खाडीतल्या खारफुटीला, कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या चिंबोऱ्या-निवट्यांना गोड्या पाण्याचा जो थोडा हात मिळतो, तोही जाईल. म्हणून थोडं शुद्ध पाणी नदीच्या वरच्या अंगाला, अंबरनाथच्या बाजूला पुन्हा सोडावं लागेल. पंपाने वर चढवायचं म्हणजे पुन्हा वीजबिल. नदीला तिचं पाणी देण्यासाठी बिल भरायला कुठलं खातं पुढे येईल, याबद्दल मी फार आशावादी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यात सर्वाधिक, 53, महाराष्ट्रातले होते, उल्हास त्यात होती. या यादीत नाव येण्याचा निकष बीओडी. कोरड्या नदीला बीओडी नसतो, त्यामुळे यादीतून बाहेर पडायला तोही एक रस्ता आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल. बंधाऱ्यांमागे चार महिन्यांचा गाळ साचला आहे, जाळ्या वाकल्या आहेत, विहिरींत वाळू भरली आहे. नाला अडवणारी यंत्रणा साफ करायची ती आत्ता, कारण कोरड्या दिवसांचा प्रवाह आत्ता सुरू होतो आणि पुढचे आठ महिने तोच उचलायचा आहे. पण महापालिकांच्या नालेसफाईच्या निविदा निघतात एप्रिलमध्ये, मुदत असते 31 मेची, आणि त्या असतात पुराचं पाणी वाहून जावं म्हणून. दिवाळीनंतरच्या साफसफाईसाठी वेगळं लेखाशीर्षच नाही. येत्या फेब्रुवारीत कल्याणला आणि उल्हासनगरला अंदाजपत्रक मांडलं जाईल, तेव्हा स्थानिक नगरसेवकाला एवढं एक विचारता येईल.